निष्ठेची सात मिनिटं

कायदा चुकीचा नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. नंतर सांगितलं तर सारवासारव वाटेल.

आमच्या कॉब क्रीकची पोरं वीस वर्षं वाचत नव्हती, अंदाज करत होती. पुस्तकात 'हॉर्स' लिहिलेलं असायचं, वर चित्र असायचं, पोरगं चित्र बघून 'पोनी' म्हणायचं आणि आम्ही त्याच्या पाठीवर थाप मारायचो. का, तर अर्थ पोचला. या कामात मी पटाईत होतो. तिसरीच्या वर्गावर मी शब्दांचा गुप्तहेर बनून जायचो. डोक्यावर टोपी, हातात भिंग. चौथीत पुस्तकातली चित्रं संपायची आणि त्यांच्याबरोबर माझ्या गुप्तहेरांचं वाचनही. हे कळायला राज्याला वीस वर्षं लागली. मला राज्याने सांगेपर्यंत कळलं नाही.

मग कायदा आला. चित्रावरून शब्द ओळखायला शिकवणं बंद. अक्षर, अक्षराचा आवाज, आवाजांची जोडणी, एवढंच. तेही राज्याने मंजूर केलेल्या पुस्तकातून आणि पुस्तकात असेल तसंच, निष्ठेने. निष्ठा हा शब्द कायद्यात एकतीस वेळा आलाय. आमच्या गावात तो पूर्वी दोनच ठिकाणी ऐकू यायचा: लग्नात नवरा-नवरीच्या तोंडी आणि रोज सकाळी झेंड्यापुढे पोरांच्या तोंडी. आता तो माझ्या कामात आला. मी ओरिन टॅकेट, वय पंचेचाळीस, कॉब क्रीक शाळा-जिल्ह्याचा वाचन-मार्गदर्शक. माझं काम निष्ठेची फेरी काढायचं.

फेरी म्हणजे असं. न सांगता वर्गात जायचं, मागे उभं राहायचं, सात मिनिटं. तोंड उघडायचं नाही. हातात बावीस चौकटींचा कागद. शिक्षकाने पुस्तकातली वाक्यं शब्दशः म्हटली का? मंजूर कार्डच वापरलं का? मुलांनी अपेक्षित उत्तर दिलं का? ऐंशीच्या खाली गुण गेले तर फेरी नापास. तीन फेऱ्या नापास झाल्या की शिक्षक घरी. बावीसपैकी तीन चौकटींवर तारा होता. तारा चुकला की बाकीच्या एकोणीस कितीही सुंदर असोत, फेरी गेली.

टोपी आणि भिंग मी घरी माळ्यावर टाकलं. फेकवलं नाही. काय सांगावं, राज्यच आहे.

फेब्रुवारीत बर्फ साचलेलं असताना आमचा सफाई कामगार लाइल शिडी घेऊन शाळाभर फिरू लागला. जिल्ह्याच्या वकिलाने कळवलं होतं की भिंतीवरच्या ज्या चित्राखाली शब्द आहे, ते चित्र कायद्याच्या कक्षेत येऊ शकतं. तेव्हा लाइल चित्रांवर खाकी कागद चिकटवत होता. सफरचंद गेलं, बदक गेलं, दात घासणारं अस्वल गेलं. खाली शब्द तेवढे राहिले.

लाइल आणि मी एकाच वर्गातले. तो वरून म्हणाला, "ओरिन, लेका, एक विचारू?"

"विचार."

"मुतारीच्या दारावरच्या बाईचं काय करायचं?"

"वकिलाला विचारतो."

"लवकर विचार. पहिलीचं एक पोरगं सकाळपासून दारासमोर उभं राहून आवाज जोडतंय."

मी हसलो. तो हसला नाही. खरंच एक पोरगं तिथे उभं होतं.

आयडा व्हॉस पहिलीला शिकवत होत्या. एकसष्ट वर्षांच्या, बारीक, करड्या केसांचा अंबाडा, आवाज असा की खेळाच्या मैदानातली भांडणं थांबायची. एकोणचाळीस वर्षांपूर्वी त्यांची नोकरी लागली तेव्हा त्यांच्या पहिल्यावहिल्या वर्गात मी होतो. मी 'बी' आणि 'डी' यांच्यात कायम गोंधळायचो. एकदा घरी 'डॅड'ला चिठ्ठी लिहिली ती 'बॅब'ला गेली. तेव्हा मिसेस व्हॉस माझ्या बाकाशी गुडघे टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "हात दे इकडे." दोन्ही मुठी वळायच्या, अंगठे वर, मुठी एकमेकींना टेकवायच्या. झाला 'बेड'. डावी मूठ उशाकडची, ती 'बी'. उजवी पायथ्याकडची, ती 'डी'. मधल्या गादीवर 'ई' झोपलेला.

मी अजूनही कधी शंका आली की टेबलाखाली मुठी वळतो. वाचन-मार्गदर्शक आहे, वळतो.

या बाईंनी अक्षर आणि आवाज याशिवाय आयुष्यात काही शिकवलंच नाही. गंमत ही की त्यासाठी त्यांना आधीही शिक्षा झाली होती. नव्वदीच्या शेवटी जिल्ह्यात चित्रांची लाट आली तेव्हा त्यांची अक्षरांची कार्डं जप्त झाली आणि त्यांना ताकीद मिळाली: 'मुलांना अक्षरांत अडकवून ठेवतात.' ते पत्र त्यांनी टेबलाच्या खणात जपून ठेवलं होतं. कार्डंही खरं तर जप्त झाली नव्हती. त्यांनी दुसरीच दिली होती. खरी बिस्किटांच्या डब्यात होती. वीस वर्षांनी राज्य त्यांच्या मताचं झालं. त्यांना वाटलं, आता सुखाने शिकवू.

पहिल्या फेरीत चौऱ्याहत्तर गुण. डब्यातलं जुनं कार्ड वापरलं. अक्षर तेच, आवाज तोच, पण कार्ड मंजूर नाही. दुसऱ्या फेरीत एकाहत्तर. पुस्तकात 'बरोबर' म्हणायचं लिहिलं होतं, त्या 'शाब्बास' म्हणाल्या. चार वेळा. दोन्ही फेऱ्या मीच घेतल्या होत्या. मी निष्ठावान माणूस आहे.

तिसरी फेरी गुरुवारी होती. त्या दिवशी जिल्ह्यातल्या पहिलीच्या सगळ्या वर्गांत धडा सत्त्याण्णव होता, कारण वेळापत्रकानुसार सगळे वर्ग एका दिवशी एकाच पानावर असतात. धड्याचं नाव 'बी आणि डी: गोंधळ टाळू या'. आणि त्या धड्यात छपाईची चूक होती.

लहानशीच. शिक्षकाने कार्ड वर धरायचं, त्यावर 'बी'. पुस्तकात लिहिलं होतं: 'म्हणा: या अक्षराचा आवाज ड.' पुढे: 'विद्यार्थी म्हणतील: ड.' खाली 'डी'चं कार्ड, तिथे 'ब'. बाकी धडा उत्तम होता.

मला ती चूक सोमवारी दिसली. मी मुठी वळून खात्री केली आणि डॉ. प्रुएटबाईंकडे गेलो. त्या जिल्ह्याच्या शाळाप्रमुख. पन्नाशीच्या, नेहमी शांत, टेबलावर लिमलेटच्या गोळ्यांची बरणी. पहिल्याच बैठकीत त्यांनी आम्हाला 'मला मेरेडिथ म्हणा' सांगितलं होतं. कुणी म्हणालं नाही.

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "गोळी घ्या."

"कंपनीला कळवलं का?"

"जानेवारीतच. पुढच्या आवृत्तीत सुधारतील."

"आणि गुरुवारी?"

"गुरुवारी ही आवृत्ती आहे." त्यांनी बरणीचं झाकण लावलं. "ओरिन, राज्याने मंजूर केलंय ते हे पुस्तक. यातली एक ओळ बदलली की ते मंजूर पुस्तक राहत नाही. नामंजूर पुस्तकातून शिकवणं म्हणजे कायदेभंग. मी वकिलाला विचारलं."

"पण 'बी'चा आवाज ब आहे."

"तुम्हाला काय वाटतं, मला येत नाही? माझी नात चार वर्षांची आहे, तिलाही येतं. एक पान आहे. एक दिवस आहे. शुक्रवारी धडा अठ्ठ्याण्णव, तिथे सगळं ठीक आहे. पण आज मी एकीला एक ओळ बदलू दिली तर पुढच्या आठवड्यात चाळीस जणी चाळीस ओळी बदलतील. आणि मग आपण पुन्हा तिथेच. टोपी आणि भिंग." भिंगाचं त्यांना कुणी सांगितलं, देव जाणे. "शेजारच्या जिल्ह्याचं काय झालं ते बघितलंत ना? राज्याने माणसं पाठवली. आता तिथे शाळाप्रमुखच नाही. एक पथक आहे."

पथक हा शब्द त्यांनी हळू आवाजात उच्चारला.

"गुरुवारी मीही येते तुमच्याबरोबर," त्या म्हणाल्या. "जोड-तपासणी. दोघांचे कागद जुळले पाहिजेत. नाही जुळले तर मार्गदर्शकाची निष्ठा तपासावी लागते. हे मी नाही म्हणत, नियमात आहे."

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी मिसेस व्हॉसच्या वर्गात गेलो. त्या पेन्सिलींना टोकं करत होत्या.

"ये. कागद आणलास?"

"नाही. असाच आलो."

"असंच कुणी येत नाही आता." त्यांनी टोक डोळ्यांजवळ धरून बघितलं. "सत्त्याण्णव बघितलाय मी. लाज वाटते का रे तुम्हा लोकांना छापताना?"

"मी छापला नाही, मिसेस व्हॉस."

"हो, तू फक्त खुणा करतोस."

मी बाकावर बसलो. पहिलीचं बाक; गुडघे हनुवटीशी आले. "गुरुवारी फेरी आहे, सांगायचं नसतं. जे लिहिलंय ते म्हणा," मी म्हणालो. "शब्दशः. शुक्रवारी मुलांना खरं सांगा. एका दिवसाने काय होतंय?"

"तुला किती दिवस लागले होते, आठवतंय?"

"नाही."

"सोळा आठवडे. आणि तुला कुणी उलटं शिकवलंही नव्हतं."

त्यांनी पुढची पेन्सिल घेतली. बाहेर मीठ टाकणारा ट्रक घरघरत गेला.

"मर्लचं औषध सुरू आहे," त्या म्हणाल्या. मर्ल म्हणजे त्यांचा नवरा. वर्षभर त्याच्या रक्तात काहीतरी बिघडलं होतं आणि दर मंगळवारी त्याला सुईने औषध देत होते. "विमा माझ्या नोकरीवर आहे. नोकरी गेली की महिनाअखेर विमा गेला. डॉक्टर म्हणतो, मधे खंड पडू द्यायचा नाही. एकसुद्धा मंगळवार नाही." त्यांनी पेन्सिल डब्यात टाकली. "म्हणेन मी. लिहिलंय तसं म्हणेन. झालं समाधान?"

"झालं."

"जा मग. आणि ते बाक नीट लाव. घरी शिस्त लावत नाहीत, मोठे होऊन असे होतात."

गुरुवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी डॉ. प्रुएट आणि मी मिसेस व्हॉसच्या वर्गाच्या मागच्या भिंतीशी उभे राहिलो. भिंतींवर खाकी चौकोन. बावीस मुलं चटईवर मांडी घालून बसली होती. खिडकीबाहेर सगळं पांढरं, त्यामुळे वर्गात सावल्याच नव्हत्या. डॉ. प्रुएटनी घड्याळ दाबलं.

मिसेस व्हॉसनी पुस्तक उघडलं आणि वाचायला सुरुवात केली. शब्दशः.

"धडा सत्त्याण्णव," त्या म्हणाल्या. "पान तीनशे बारा. विद्यार्थ्यांना प्रसन्न चेहऱ्याने अभिवादन करा. म्हणा: सुप्रभात, वाचकांनो."

"सुप्रभात, मिसेस व्हॉस," मुलं म्हणाली.

"दोन सेकंद थांबा," मिसेस व्हॉस म्हणाल्या, आणि दोन सेकंद थांबल्या. "म्हणा: आज आपण गोंधळ टाळणार आहोत. सर्वांकडे बघून स्मित करा." त्यांनी स्मित केलं. ते बघून पुढच्या रांगेतलं एक पोरगं मागे सरकलं.

मी चौकटी भरत होतो. एक, हो. दोन, हो. तीन, हो. इतकी निष्ठा मी अख्ख्या जिल्ह्यात बघितली नव्हती. माझा जीव भांड्यात पडला. डॉ. प्रुएटची पेन्सिलही सरसर चालली होती.

"कार्ड फळ्याला टेकवून उभं करा." केलं. "म्हणा: हे अक्षर 'बी'. म्हणा: या अक्षराचा आवाज..." त्या थांबल्या. पुस्तकात थांबा म्हणून लिहिलेलं नव्हतं. मग म्हणाल्या, "ड."

पुस्तक त्यांनी स्टँडवर ठेवलं होतं. हात मोकळे होते. आणि ते हात, बहुतेक त्यांच्याही नकळत, वर आले. छातीशी. दोन मुठी, अंगठे वर, मुठी एकमेकींना टेकलेल्या. डावी मूठ किंचित पुढे.

चौकटीत हातांबद्दल काही नव्हतं.

"म्हणा: सर्वांनी एकत्र," मिसेस व्हॉस म्हणाल्या. "विद्यार्थी म्हणतील: ड."

बावीस मुलांनी मांडीवर बावीस बेड केले. पुस्तकाकडे एकानेही बघितलं नाही. "ब!" मुलं ओरडली.

मिसेस व्हॉसनी पान बघितलं. पानावर यापुढे काही नव्हतं; मुलं बरोबर उत्तर देतील असं पुस्तकाने धरलंच नव्हतं. "विद्यार्थी म्हणतील: ड," त्यांनी पुन्हा वाचलं.

मार्लो नावाची एक मुलगी पहिल्या रांगेत बसली होती, पुढचे दोन्ही दात पडलेले. ती उठली, मिसेस व्हॉसच्या जवळ गेली आणि त्यांच्या डाव्या मुठीवर बोट ठेवून म्हणाली, "मिथेथ व्हॉस, ही उशी आहे. तुम्हीच थांगितलं होतं." मग आमच्याकडे वळून तिने समजावलं, "त्यांना आज बरं नाहीये."

चौदावी चौकट: विद्यार्थ्यांनी अपेक्षित उत्तर दिलं का? तारा.

मी पेन्सिल 'हो'वर टेकवली. खरंच टेकवली, ठिपका अजून आहे. बाईंनी प्रत्येक शब्द पुस्तकातला उच्चारला होता. गोंगाट होता, मला ड ऐकू आलं असं मी म्हणू शकलो असतो. मागच्या भिंतीशी उभ्या माणसाला एवढी सवलत असते. 'हो'ला गोल करायला अर्धा सेकंद लागतो.

तेवढ्यात माझी नजर शेजारच्या कागदावर गेली. अडलेलं पोरगं शब्द वाचायच्या आधी चित्राकडे बघतं, अगदी तशी. हेच मोडून काढायला राज्याने कायदा केला होता. डॉ. प्रुएटची पेन्सिल 'नाही'वर होती.

मी 'नाही'ला गोल केला. कागद जुळले.

वर्गाबाहेर आल्यावर डॉ. प्रुएट म्हणाल्या, "वाईट वाटतं मला. मनापासून." आणि खरंच वाटत होतं, त्यांनी पर्समधून रुमाल काढला. दुपारी मिसेस व्हॉसना पत्र मिळालं. सक्तीची रजा, नंतर करार पुढे नाही. त्यांनी बिस्किटांचा डबा काखेत मारला आणि नव्वदीतलं ताकीदपत्र खणातून काढून या पत्रासोबत पिशवीत टाकलं. मी दारात उभा होतो. मी मुलांच्या उत्तराबद्दल काहीतरी म्हणालो, माझा नाइलाज वगैरे.

"ओरिन," त्या म्हणाल्या, "कुठली बाजू?"

"काय?"

"'बी'ची उशी. कुठली बाजू?"

"डावी."

"बरोबर," त्या म्हणाल्या. 'शाब्बास' नाही म्हणाल्या.

महिनाअखेर विमा संपला. त्यानंतरच्या मंगळवारी मर्ल दवाखान्यात गेला नाही. लाइलने सांगितलं, तो त्यांच्या शेजारी राहतो. गाडी दिवसभर अंगणातच उभी होती, काचेवर बर्फ तसंच.

आणि पहिलीच्या वर्गाला शिक्षक नव्हता. फेब्रुवारीत शिक्षक मिळत नाहीत. डॉ. प्रुएटनी मला बोलावलं, बरणी पुढे सरकवली. "तुम्हाला पुस्तक सगळ्यांत चांगलं येतं," त्या म्हणाल्या. नियम असा की तारांकित चौकटीत वर्ग चुकला तर तो धडा पुन्हा घ्यायचा, अपेक्षित उत्तर येईपर्यंत. बाकीचा जिल्हा एकशे दोनवर गेला होता. आमचा वर्ग सत्त्याण्णववर अडकून होता.

सोमवारी सकाळी नऊ दहाला मी स्टँडवर पुस्तक उघडलं. बावीस मुलं चटईवर. मागच्या भिंतीशी डॉ. प्रुएट, हातात कागद. त्यांच्या शेजारी एक अनोळखी माणूस, राखाडी कोटातला, त्याच्याही हातात कागद. त्याची ओळख कुणी करून दिली नाही.

"तुम्ही कोण?" मार्लोने मला विचारलं.

पुस्तकात याला उत्तर नव्हतं. मी तिला खाली बसायची खूण केली.

"हे अक्षर 'बी'," मी वाचलं. कार्ड फळ्याला टेकवलं. माझे हात रिकामे झाले, तेव्हा मी ते पाठीमागे घेतले आणि एका हाताने दुसरा घट्ट धरला. मुलांच्या मांडीवर मुठी तयार होत्या. अंगठे वर. सगळी माझ्या छातीकडे बघत होती, तिथे काहीतरी दिसेल म्हणून.

"या अक्षराचा आवाज," मी म्हणालो, "ड."

मुठी तशाच राहिल्या. मी पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा मागच्या रांगेत एक मूठ सुटली. मग तिच्या शेजारची. अंगठे एकेक करून खाली गेले, तळवे मांडीवर पालथे पडले. सगळ्यांत शेवटी मार्लोचे. तिने आधी स्वतःच्या मुठींकडे बघितलं, मग माझ्याकडे. मोठा माणूस आहे, चुकत नसेल, असा तिने बहुतेक अंदाज केला.

"ड," वर्ग म्हणाला. एका सुरात.

"बरोबर," मी वाचलं.

बावीसपैकी बावीस. जिल्ह्यातली ही पहिली पूर्ण फेरी. राखाडी कोटातल्या माणसाने माझा हात हातात घेऊन अभिनंदन केलं आणि प्रमाणपत्रावर घालायला माझं नाव लिहून घेतलं. त्याने आडनावातलं शेवटचं अक्षर विचारलं. मी सांगितलं, दोन 'टी'. खिशात माझी डावी मूठ वळलेली होती. 'टी'ला तिची काही गरज नव्हती.